तोंड उघडत नाही? आधी पायाचे अंगठे पाहा

लहान मुलांच्या जबड्याच्या तक्रारींविषयी आलेली चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे व गावे छापलेली नाहीत. चारही घरांची तक्रार वरवर एकच आहे, ती म्हणजे मुलाचे तोंड पुरेसे उघडत नाही. मात्र चौघांना दिलेली उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत, आणि एका घराला दिलेला सल्ला दुसऱ्या घराने परस्पर आचरणात आणला तर मुलाचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून आपल्या घरातील परिस्थितीशी मिळते-जुळते एखादे पत्र दिसले तरी उरलेली तीन वाचल्याशिवाय अंक मिटू नये, ही विनंती.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. ८ महिन्यांपूर्वी तिची खालची दाढ किडल्यामुळे जबडा बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन उपचार केले. त्यानंतर आठवडाभरातच गाल सुजला आणि तोंड हळूहळू मिटत गेले. आता समोरच्या दातांमध्ये करंगळीचे टोकसुद्धा जात नाही. २ वर्षांपूर्वी तिच्या पाठीवर अचानक गाठी आल्या होत्या. त्या आपोआप बसल्या, पण तेव्हापासून मान पूर्वीसारखी वळत नाही. एका शल्यचिकित्सकांनी जबडा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या पायाचे अंगठे पाहिले, एफओपी असे नाव सांगितले आणि शस्त्रक्रिया अजिबात करू नका असे बजावले. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे. रक्ताच्या जनुकीय तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत मुलीच्या जबड्याला कोणालाही हात लावू देऊ नका. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर ती आजच रद्द करावी. ती रद्द केल्याने काही बिघडणार नाही, उलट ती केल्याने जे बिघडेल ते दुरुस्त करण्याचा मार्ग आज वैद्यकशास्त्राकडे नाही.

एफओपी म्हणजे फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. हा जन्मजात आजार साधारणपणे १० ते २० लाखांत एकाला होतो. त्यात स्नायू, स्नायूंच्या कंडरा आणि सांध्यांभोवतालचे बंध यांच्या जागी टप्प्याटप्प्याने हाड तयार होत जाते. हे हाड सांगाड्यातल्या कोणत्याही हाडासारखेच निकोप असते, चुकलेली असते ती त्याची जागा. पाठ आणि मान यांपासून सुरुवात होते, मग खांदे, कोपरे, नितंबाचे सांधे असे क्रमाने जखडत जातात, आणि कधीतरी जबड्याची पाळी येते. पाठीवरच्या गाठी, त्या बसल्यावर राहिलेला मानेचा ताठरपणा आणि सुईनंतर मिटलेले तोंड ही आपण लिहिलेली हकीकत या आजाराच्या ओळखीच्या वाटेनेच गेलेली आहे.

या आजाराचे मूळ एसीव्हीआर-१ नावाच्या जनुकात आहे, हे २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. त्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते आणि बहुसंख्य रुग्णांमध्ये तो बदल अगदी त्याच जागी सापडतो. त्यामुळे शिरेतून काढलेल्या थोड्याशा रक्तावर निदान पक्के करता येते आणि गाठीचा तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची, गरज पडत नाही. गरज पडत नाही एवढे म्हणून थांबता येत नाही, कारण बायोप्सी ही स्वतःच एक जखम असते आणि या मुलांच्या शरीरात स्नायूला झालेली जखम हाडाला आमंत्रण देते. पाठीवरच्या गाठींना कर्करोग समजून तुकडे काढले गेले आणि त्या प्रत्येक तुकड्याच्या जागी पुढे हाड उभे राहिले, अशा अनेक मुलांच्या कहाण्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. बहुतेक वेळा हा बदल त्या मुलात नव्याने झालेला असतो. आईवडिलांत तो नसतो आणि गरोदरपणात कोणी काही चुकीचे खाल्ले-प्यायले म्हणूनही तो होत नाही. पत्राच्या शेवटी आपण स्वतःला जो दोष दिला आहे, तो कृपया मनातून काढून टाकावा.

आता अंगठ्यांविषयी. एफओपी असलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या पायाचे दोन्ही अंगठे जन्मतःच आखूड असतात आणि शेजारच्या बोटांकडे वळलेले असतात. पुष्कळदा त्यांत एक सांधाच नसतो. बाळंतपणाच्या खोलीत हे दिसते, न्हाऊ घालणाऱ्या आजीला दिसते, पण त्याचा अर्थ कोणी लावत नाही. मुलीच्या पायांकडे पाहून आपण आजवर ‘अंगठे आजोबांवर गेलेत’ असे म्हणत होता, हे आपल्या पत्रातले वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या उमेदवारीच्या काळात मीही एका मुलाचे तोंड तीन वेळा तपासले आणि पायांकडे एकदाही पाहिले नाही. त्याचे बूट काढून पाहायचे सुचले ते माझ्या वरिष्ठांना. तेव्हापासून तोंड न उघडणारे कोणतेही मूल आले की मी आधी बूट-मोजे काढायला सांगतो. दातांच्या डॉक्टरांना पाय कशाला पाहायचे असतात, असा प्रश्न आईवडिलांच्या चेहऱ्यावर दर वेळी उमटतो, आणि त्याचे उत्तर देण्यात दोन मिनिटे खुशाल जावीत.

शस्त्रक्रिया का नको, तेही समजून घ्यावे. आपल्या मुलीचा जबड्याचा सांधा आतून कदाचित शाबूत असेल. तोंड मिटले आहे ते चावण्याच्या स्नायूंमध्ये, सांध्याच्या बाहेर, हाडाचे पूल तयार झाल्यामुळे. ते पूल कापले तर भूल उतरेपर्यंत तोंड उघडलेले दिसेल. पण कापणे म्हणजेच त्या स्नायूंना नवी, मोठी जखम करणे, आणि मग तिथे पूर्वीपेक्षा जास्त हाड भरते. दाढेच्या उपचाराच्या वेळी नेमके हेच लहान प्रमाणावर घडले. खालचा जबडा बधिर करण्यासाठी सुई खोलवर, चावण्याच्या एका स्नायूच्या अगदी जवळून न्यावी लागते, आणि उपचार चालू असताना तोंड बराच वेळ ताणून उघडे ठेवावे लागते. या मुलांना सुई आणि ताण दोन्ही सोसत नाहीत. तरीही त्या दंतवैद्यांना दोष देऊ नये. निदान झालेलेच नव्हते, आणि खुर्चीवर बसलेल्या मुलाचे पाय पाहण्याची रीत आमच्या शाखेत अजून रुळलेली नाही.

यापुढे काय करता येईल? नव्याने सूज आली, विशेषतः जबडा, मान किंवा सांध्यांजवळ, तर पहिल्या २४ तासांत प्रेडनिसोलोन हे औषध सुरू करण्याची पद्धत आहे. सामान्यतः दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, असे ४ दिवस ते दिले जाते. हे औषध मनाने कधीही देऊ नये, पण आपल्या बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून, त्यांच्या सहीची चिठ्ठी घरात ठेवावी, म्हणजे रात्री-अपरात्री सूज आली तर वेळ वाया जाणार नाही. पालोव्हॅरोटिन या नव्या औषधाविषयी आपण विचारले आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ती ८ वर्षांवरील मुली आणि १० वर्षांवरील मुलगे यांच्यासाठी. ते नव्या हाडाची वाढ कमी करते, तयार झालेले हाड विरघळवत नाही. वाढत्या मुलांमध्ये त्याने हाडांची वाढ वेळेआधीच थांबू शकते. वयाची अट आपली मुलगी पूर्ण करते, पण तिची उंची अजून वाढायची आहे. म्हणून हा निर्णय घाईने घेण्याचा नाही. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय हे एक उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेले आहे. जनुकीय निदान आणि औषधांविषयीचा सल्ला या दोन्हींसाठी तिथल्या जनुकीय विभागात एकदा जाऊन यावे, असे मी सुचवीन.

रोजच्या जगण्याकडे मात्र आजपासूनच लक्ष द्यायला हवे. तोंड उघडत नसले तरी दातांची बाहेरची बाजू गाल बाजूला ओढून स्वच्छ करता येते. त्यासाठी तान्ह्या बाळांचा सर्वांत लहान डोक्याचा ब्रश घ्यावा आणि दंतवैद्यांच्या सल्ल्याने फ्लोराइड जास्त असलेली पेस्ट वापरावी. या मुलीच्या बाबतीत नवी कीड म्हणजे नवे संकट, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे, आणि लाडाने चॉकलेट देणाऱ्या पाहुण्यांनाही ते न संकोचता सांगावे. शेवटच्या दाढेच्या मागे गालाच्या आत थोडी फट असते, तिथून पातळ अन्न आत जाते. नाचणीचे आंबील, तूप घातलेले वरणाचे पाणी, गाळलेली भाज्यांची कढणे, दुधात कालवलेले खजूर असे घट्टसर आणि भरपूर उष्मांकांचे पदार्थ थोडे-थोडे, दिवसातून सहा-सात वेळा द्यावेत आणि दर महिन्याला वजन मोजून लिहून ठेवावे. सर्वांत मोठी भीती उलटीची. मिटलेल्या तोंडातून उलटी बाहेर पडू शकत नाही आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. उलटीची चाहूल लागताच मुलीला कुशीवर वळवून डोके खाली करावे, आणि तोंडातील स्राव ओढून घेणारे छोटे यंत्र घरी आणून ते वापरायला शिकून घ्यावे. प्रवासात गाडी लागत असेल तर आधी औषध दिल्याशिवाय निघू नये.

पुढे कधी कोणत्याही कारणासाठी भूल द्यावी लागलीच, तर तोंडातून श्वासासाठीची नळी घालणे शक्य नाही. ती नाकातून, लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने, बहुधा मूल जागे असतानाच घालावी लागते. हे कसब सगळीकडे नसते, त्यामुळे तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात जायचे हे आजच ठरवून ठेवावे. दंडात किंवा मांडीत स्नायूमध्ये दिली जाणारी इंजेक्शने टाळावीत. शिरेतून रक्त काढणे किंवा सलाइन लावणे चालते.

या आजाराने गेलेले हॅरी ईस्टलॅक (१९३३–१९७३) यांचा सांगाडा फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. त्यांनी तो स्वतःच्या इच्छेने अभ्यासासाठी दिला. त्यांचाही जबडा शेवटी पूर्ण मिटला होता. सांगाड्याच्या पाठीवर हाडाचे जे पत्रे आणि पट्टे दिसतात, ते पाहिल्यावर या आजारात चाकू का चालवायचा नाही, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याचे तोंड जन्मापासून कमी उघडते असे घरचे म्हणतात; आता आईस्क्रीमच्या दोन काड्या एकावर एक ठेवून कशाबशा आत जातात. हनुवटी मागे गेली आहे, झोपेत तो फार घोरतो आणि मध्येच दचकून उठतो. डॉक्टरांनी जबड्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे, पण शेजारच्या एका मुलाची अशी शस्त्रक्रिया होऊन वर्षभरात तोंड पुन्हा मिटले. मग ती करून उपयोग काय?

उत्तर : पायाचे अंगठे नीट असतील, पाठीवर गाठी कधी आल्या नसतील आणि सीटी स्कॅनमध्ये सांधा हाडाने जोडला गेलेला दिसत असेल, तर आपल्या मुलाला शस्त्रक्रिया हवीच, आणि शक्य तितकी लवकर हवी. त्याच्या वयात जबडा सांध्याजवळून वाढतो. सांधा जखडला की वाढही अडते, म्हणून हनुवटी मागे राहते. जीभ मागे सरकते, घशातली वाट अरुंद होते आणि मूल घोरू लागते. दचकून उठणे हा श्वास अडल्याचा पुरावा आहे. अशा मुलांना दिवसा पेंग येते, अभ्यासात लक्ष लागत नाही, वजन वाढत नाही, आणि शाळेत त्याचे खापर आळशीपणावर फुटते.

‘जन्मापासून’ या शब्दाबद्दल मात्र मला शंका आहे. खऱ्या अर्थाने जन्मजात जखडलेला सांधा फार क्वचित आढळतो. आपण मुलाची हनुवटी उचलून तिच्याखाली पाहावे. तिथे एखादा लहानसा, पांढरट, आडवा व्रण दिसला तर चालायला लागण्याच्या वयात तो हनुवटीवर पडला होता का, हे आठवून पाहावे. हनुवटीवर बसलेला मार कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. सांध्याची मान मोडते, आत रक्त साचते, आणि दुखते म्हणून मूल तोंड हलवेनासे झाले की त्या रक्ताचे हळूहळू हाड होते. हनुवटीला टाका घालून मुलाला घरी नेले जाते, सांध्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लहानपणी वारंवार फुटणारा कान हेही एक कारण असते. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला झुकत असेल तर बहुधा त्याच बाजूचा सांधा जखडलेला असतो. मूल जन्मतः एका बाजूने आखूड चेहऱ्याचे असेल, कानाची पाळी लहान किंवा अर्धवट असेल, तर गोष्ट वेगळी. तो चेहऱ्याच्या एका बाजूच्या वाढीचा जन्मजात दोष असतो आणि त्याचे उपचार टप्प्याटप्प्याने, मोठे होईपर्यंत चालतात.

शस्त्रक्रियेत जोडलेले हाड पुरेशा रुंदीचे काढून टाकतात, सांध्यापुढचा हाडाचा कोंब आडवा येत असेल तर तोही छाटतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कानशिलावरच्या स्नायूचा पडदा किंवा चरबी असे काहीतरी मऊ अस्तर घालतात, म्हणजे दोन हाडे पुन्हा भेटणार नाहीत. टेबलावरच तोंड किमान ३५ मिलिमीटर उघडले पाहिजे, नाहीतर दुसऱ्या बाजूचाही कोंब छाटावा, असा लिओनार्ड केबन यांनी १९९० मध्ये मांडलेला क्रम आजही बहुतेक शल्यचिकित्सक पाळतात. वाढत्या मुलांत सांध्याची उंची परत मिळवण्यासाठी कधी बरगडीचा कूर्चेसह तुकडा बसवतात. मुलाचा श्वास झोपेत फार अडत असेल, तर आधी जबडा दररोज सुमारे १ मिलिमीटर याप्रमाणे लांबवून, म्हणजे डिस्ट्रॅक्शनने, श्वासाची वाट रुंद करणे आणि नंतर सांधा सोडवणे, हा क्रम मला अधिक पटतो. आपल्या डॉक्टरांना झोपेच्या तपासणीबद्दल आणि या क्रमाबद्दल अवश्य विचारावे.

आता शेजारच्या मुलाविषयी. त्याला न पाहता मी खात्रीने काही म्हणू शकत नाही, पण तोंड पुन्हा मिटण्याचे कारण पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामात सापडते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच, टाके ओले असताना, व्यायाम सुरू करायचा असतो. मूल रडते, आजी मध्ये पडते, ‘आज राहू दे’ असे होते, आणि त्या ‘राहू दे’ मधून हाड परत भेटते. म्हणून पद्धत सांगतो. आईस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या धुऊन, उकळून घ्याव्यात. आज समोरच्या दातांमध्ये किती काड्यांची थप्पी सहज बसते ते मोजावे, मग त्या थप्पीच्या मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवावी आणि १०० आकडे मोजेपर्यंत तशीच ठेवावी. मग पुढची. दिवसातून ५ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे १० मिनिटे. व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखणे थांबवणारे औषध देण्याची डॉक्टरांची परवानगी घ्यावी. आकडे मुलालाच मोजू द्यावेत, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची काड्यांची संख्या त्यालाच लिहू द्यावी. काडी वाढली की त्याची बक्षिसी ठरलेली असावी. संख्या सलग ३ दिवस कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. हे वर्षभर चालते. शस्त्रक्रियेपूर्वी घरातली कोणती व्यक्ती हे वर्षभर करणार, ते नाव मी कागदावर लिहून घेतो, आणि नाव पुढे येत नसेल तर तारीख पुढे ढकलतो.

खर्चाची चिंता असेल तर अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे मुलाची नोंद करावी, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत जबड्याच्या शस्त्रक्रियांचे विभाग आहेत.

प्रश्न : माझी भाची ११ वर्षांची आहे. तिची उंची वयाच्या मानाने फार कमी आहे, डोक्याची टाळू अजून पूर्ण भरलेली नाही, बोटांची टोके आखूड आहेत आणि साध्या पडण्याने पाय दोनदा मोडला आहे. गेल्या महिन्यात दाढ काढल्यानंतर जबडा सुजला, पू येऊ लागला आणि तोंड उघडेनासे झाले. काड्यांचा व्यायाम सुरू करावा का?

उत्तर : करू नये. आपण दिलेले वर्णन पिक्नोडिसोस्टोसिस या आजाराशी जुळते. त्यात जुने हाड झिजवून काढणाऱ्या पेशींमधले कॅथेप्सिन-के हे विकर (एन्झाइम) काम करत नाही. जुने हाड काढले जात नाही, म्हणून हाड दाट होत जाते, पण खडूसारखे ठिसूळ राहते. एक्स-रेवर ते इतके पांढरेशुभ्र दिसते की पाहणाऱ्याला ते भक्कम वाटावे. अशा जबड्यावर जोर लावून तोंड उघडायला गेल्यास जबडाच मोडू शकतो. तोंड मिटण्याचे कारणही येथे वेगळे आहे. दाट हाडात रक्तपुरवठा कमी असतो, दाढेच्या खड्ड्यातला जंतुसंसर्ग हाडात शिरतो आणि त्याच्या वेदनेने व सुजेने चावण्याचे स्नायू आखडतात, ज्याला आपण दातखीळ म्हणतो. संसर्ग आटोक्यात आला की पुष्कळदा तोंड आपोआप उघडू लागते. त्यासाठी पुवाची तपासणी करून योग्य प्रतिजैविके काही आठवडे द्यावी लागतात, आणि मेलेले हाड सुटे झाले असेल तर ते अगदी बेताने काढावे लागते. ८ दिवसांत सूज उतरली म्हणून औषध बंद करण्याची चूक करू नये. यापुढे दात काढण्याचा निर्णय शेवटचा ठेवावा. कीड लागताच भरावी, नस खराब झाली तर रूट कॅनाल करावे.

पत्रात आपण लिहिले आहे की भाचीची आई आणि वडील हे मामे-आते भावंडे आहेत. मामाच्या घरी मुलगी देण्या-घेण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे आणि तिच्याबद्दल येथे टीका करण्याचा हेतू नाही, परंतु हा आजार दोन्हीकडून एकेक सदोष जनुक आले तरच होतो, आणि जवळच्या नात्यात दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. या जोडप्याच्या पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता ४ पैकी १ असते, म्हणून आधी जनुकीय सल्ला घ्यावा. फ्रेंच चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेक (१८६४–१९०१) यांनाही हाच आजार असावा, असे अनेक डॉक्टरांचे मत आहे. त्यांचे आईवडील सख्खी मावस भावंडे होती.

प्रश्न : माझ्या नातवाचे तोंड कमी उघडते. आमच्या तालुक्यात एक नावाजलेले हाडवैद्य आहेत. ते तेल लावून, मालिश करून जबडा बसवून देतो म्हणतात. सुईपेक्षा हे बरे नाही का?

उत्तर : आजोबा, निदान होण्याआधी मुळीच नाही. नातवाला पहिल्या पत्रातला आजार असेल तर खोल मालिश आणि जबरदस्तीचा ताण हीसुद्धा स्नायूंना जखमच आहे, मग सुई वापरलेली नसली तरी. तिसऱ्या पत्रातला असेल तर हाड मोडेल. दुसऱ्या पत्रातला असेल, तर हाडाला हाड जोडलेले असताना तेल कितीही मुरवले तरी सांधा सुटणार नाही, फक्त मुलाचे वाढीचे महिने निघून जातील. हाडवैद्यांचा हात उतरलेल्या खांद्यावर चांगला बसत असेलही, इथे तो लावू देऊ नये.

त्याऐवजी आज घरी तीन गोष्टी करा. नातवाला स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगा. निरोगी मुलाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे मावतात. मोजपट्टीने वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांच्या कडांमधले अंतर मोजून तारखेसह लिहा. मग त्याच्या उघड्या पावलांचा वरून एक फोटो काढा, अंगठे स्पष्ट दिसतील असा. मूल सहा-सात वर्षांपेक्षा मोठे असेल तर सुपारी किंवा खर्रा खाण्याबद्दलही त्याला एकट्याला, न रागावता विचारा. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असली तरी सुपारीने तोंड आखडलेली शाळकरी मुले आम्हाला आजही दिसतात. हे कागद आणि तो फोटो घेऊन जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडे जा, आणि त्यांनी पाय पाहायला मागितले नाहीत तर तुम्हीच फोटो पुढे करा.